पिंग येतोय म्हणजे नेट चालू आहे असं समजायचं का? दुपारी दुकानातलं नेट रोज मरतंय

रावेर_सेवाकेंद्र
सोमवार, दुपारी ३.४०

राम राम मंडळी. रावेर तालुक्यात आपलं छोटं ऑनलाइन सेवेचं दुकान आहे, दाखले, पॅन कार्ड, पीक विमा, लाइट बिल असली कामं. बारावीचा निकाल लागला की उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, डोमिसाइल यांची रांग लागते आणि नेमकं ह्याच टायमाला नेटने रडवलंय. सकाळी ९ ते १२ एकदम मक्खन. बारा-साडेबारा वाजले की सुरू, पेज अर्धंच उघडतं, ओटीपी टाकेपर्यंत साइट सेशन संपलं म्हणते, स्कॅन केलेली कागदं अपलोड होता होता ९० टक्क्यावर जाऊन बसतात. साडेपाच-सहाला आपोआप ठीक होतं. मग रात्री आठनंतर स्लो, पण तो स्लो वेगळा आहे, त्यात तुटत नाही, नुसतं रेंगाळतं.

केबलवाल्याला (नाव घेत नाही, गावात तो एकच आहे) आठ दिवसात पाच वेळा फोन केला. त्याचं एकच पालुपद, दादा इथून तुमच्या डब्याला पिंग येतोय, नेट चालू आहे. मी म्हटलं अरे इथं माणसं उभी आहेत माझ्या डोक्यावर. तर म्हणे तुम्ही पिंग करून स्क्रीनशॉट पाठवा. यूट्यूबवर बघून काळ्या खिडकीत पिंग ८.८.८.८ (गूगलच्या मशीनचा पत्ता) केलं, चार ओळी आल्या, कधी चारही बरोबर, कधी दोनमध्ये रिक्वेस्ट टाइम्ड आउट. काल दुपारी राऊटरच्या आयपीला (त्याच्या आकडी पत्त्याला) केलं तर चारही ओळींत डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल, आणि खाली लॉस ० टक्के! तो स्क्रीनशॉट पाठवला तर उत्तर आलं, बघा दादा, शून्य टक्के लॉस, लाइन क्लिअर आहे.

आता सांगा, ह्याच्यात खोटं कोण बोलतंय, तो का मी का पिंग? सेटअप सांगतो. फायबर मागच्या घरात येते, डबा आणि राऊटर एकच आहे तो मधल्या खोलीत, दुकान पुढे शटरचं, मध्ये एक भिंत आणि दार. कॉम्प्युटर वायफायवर, मागे छोटी वायफायची दांडी लावलीय. विंडोज १०. दुकानाला वरून पत्रा, बाहेर ४५ डिग्री, कूलर लावल्याशिवाय गिऱ्हाईक पण बसत नाही. राऊटर गरम होऊन असं होतं का हा पण डाऊट आहे.

---

पाचोरा_पॉवर
सोमवार, दुपारी ४.०५

राऊटर बंद करून १० मिनिटांनी चालू करा. आमचं तर असंच होतं नि असंच ठीक होतं.

---

रावेर_सेवाकेंद्र
सोमवार, दुपारी ४.१२

भाऊ दिवसातून चार वेळा तेच करतोय. बटन झिजलं आता.

---

भुसावळ_जंक्शन
सोमवार, संध्याकाळी ६.३०

खोटं कोणीच बोलत नाहीये भाऊ, प्रत्येकजण वेगळ्या रस्त्याबद्दल बोलतोय. मी रेल्वेत टेलिकॉमला होतो, रिटायर झालो, आता वेळच वेळ आहे म्हणून जरा लांब लिहितो, चहा घेऊन बसा.

आपल्याकडे विहिरीत डोकावून हाक मारतात ना पोरं, हाक परत येते. पिंग तेवढंच करतं. तुमचं मशीन एक छोटं पाकीट पाठवतं, त्यावर लिहिलेलं असतं की हे मिळालं तर जसंच्या तसं परत पाठव, समोरचा पाठवतो, आणि जायला-यायला मिळून किती मिलीसेकंद लागले ते दिसतं. ह्या पाकिटांचे नियम आयसीएमपी नावाने १९८१ मध्येच ठरले होते. म्हणजे पिंग हे नेट चालू का बंद सांगणारा दिवा नाही, अमुक ठिकाणापर्यंत जाऊन आलो का एवढंच ते सांगतं. मग अमुक ठिकाण कोणतं आणि निघालो कुठून, सगळा खेळ तिथे आहे.

केबलवाला त्याच्या ऑफिसातून तुमच्या डब्याला हाक मारतो, ओ येते. खरंच येते. पण तुमचा त्रास डब्याच्या अलीकडे असेल, म्हणजे डबा ते कॉम्प्युटर ह्या वीस फुटात, तर त्याला ते कधीच दिसणार नाही, त्याचं पिंग डब्यावरून माघारी फिरतं. भुसावळपर्यंत गाडी टायमावर आली म्हणून रावेरचा पाहुणा घरी पोचला असं होत नाही ना.

म्हणून टप्प्याटप्प्याने करा. आधी १२७.०.०.१ ला, हा तुमच्याच मशीनचा स्वतःचा पत्ता, ह्याने फक्त विंडोजमधली नेटवर्कची व्यवस्था शाबूत आहे कळतं, वायफायची दांडी चांगली का खराब हे ह्यात अजिबात कळत नाही, बरेच लोक इथे फसतात. मग राऊटर. त्याचा आकडा आयपी-कॉन्फिग केलं की डिफॉल्ट गेटवेच्या पुढे दिसतो, बहुतेक १९२.१६८ ने सुरू होतो. मग केबलवाल्याच्या साइडचं पहिलं मशीन, ते शोधायला ट्रेसर्ट, स्पेस, मायनस डी, स्पेस, ८.८.८.८ असं करा, पहिली ओळ तुमचा राऊटर, दुसऱ्या ओळीत बहुतेक १० नाहीतर १०० ने सुरू होणारा आकडा येईल, तो लिहून घ्या. मग ८.८.८.८. आणि शेवटी एखाद्या साइटचं नाव. आकड्याला उत्तर येतं पण नावाला होस्ट सापडत नाही म्हणतं, तर गडबड डीएनएसची, म्हणजे नावावरून आकडा शोधून देणाऱ्या यंत्रणेची आहे, लाइनची नाही.

आता तुमचा शून्य टक्के. हे विंडोजचं जुनं नाटक आहे. त्या ओळीत रिप्लाय फ्रॉमच्या पुढे कोणाचा आयपी आहे बघा, माझी पैज, तुमच्याच कॉम्प्युटरचा असेल. म्हणजे तुमचं मशीन स्वतःच स्वतःला सांगतंय की बाबा राऊटर सापडतच नाहीये. पण विंडोज तो निरोप पण उत्तर म्हणून मोजतं आणि लॉस शून्य दाखवतं! टाइम्ड आउट म्हणजे पाकीट गेलं, उत्तर आलं नाही, कुठे हरवलं माहीत नाही. अनरीचेबल म्हणजे दारातूनच परत. तुमच्या केसमध्ये हे दार म्हणजे कॉम्प्युटर ते राऊटर, आणि मला तरी वास तिथलाच येतोय. म्हणून खालची टक्केवारी एकटी वाचू नका, वरच्या ओळी वाचा.

आणि चार पाकिटांनी काही ठरत नाही. मायनस टी लावा, मग ते थांबवेपर्यंत चालतं, कंट्रोल सी ने थांबवा की हिशोब येतो. मध्येच हिशोब बघायचा असेल तर कंट्रोल ब्रेक. एक तास सकाळी, एक तास दुपारी, दोन्ही वेळा दोन खिडक्या, एकीत राऊटर एकीत ८.८.८.८. वहीत लिहा आणि इथे टाका.

---

धुळे_गेमर_०७
सोमवार, रात्री ९.५०

भो मन्हा पिंग बी रातले ३०० जास, गेममधी समोरचा मारीसन निंघी जास तवय माले दिखस 😭 आते काय करू. काकांनी सांगितलेलं करतो उद्या

---

धडगाव_गुरुजी
सोमवार, रात्री १०.२०

३०० ला रडतोस होय. आमच्या इकडे सातपुड्यात शाळेवर डिशचं नेट आहे, ६०० च्या आत पिंग मी अजून बघितला नाही. सॅटेलाइट साधारण ३६ हजार किलोमीटर वर, पाकीट वर जाणार, खाली येणार, उत्तर परत वर आणि परत खाली, नुसत्या ह्या चकरेलाच अर्धा सेकंद जातो, त्याला कोणी काही करू शकत नाही. तरी माहिती भरतो आम्ही रोज. वेळ जास्त लागणं आणि पाकीट हरवणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, फॉर्म भरायला उशीर चालतो, हरवणं चालत नाही. गेमचं उलट.

---

रावेर_सेवाकेंद्र
मंगळवार, दुपारी २.५५

काका तुमची पैज जिंकली, रिप्लाय फ्रॉमच्या पुढे माझ्याच कॉम्प्युटरचा आयपी होता 🙏 केबलवाल्याला पण नाही कळलं आणि मला पण नाही.

आकडे घ्या. सकाळी ९ ते १० राऊटरला, पाठवले ३५९०, हरवले २, सरासरी २ मिलीसेकंद. दुपारी १ ते २ राऊटरला, पाठवले २१७४, हरवले ४६५, म्हणजे २१ टक्के, सरासरी ६१ आणि सगळ्यात जास्त १८०० च्या वर. ८.८.८.८ चं पण दुपारी तसंच, थोडं जास्तच वाईट. डाऊट एक, दोन्ही वेळा एक तासच लावलं होतं तर दुपारी पाकिटं कमी कशी गेली? मी काही मध्ये बंद नव्हतं केलं.

आणि अजून एक. ज्या सरकारी पोर्टलवर काम असतं त्याच्या नावाला पिंग केलं तर सकाळी पण सगळे टाइम्ड आउट येतात, पण साइट तर उघडते, त्याच वेळी मी तिथे दाखला भरत होतो. मग पिंगवर विश्वास ठेवायचा कसा?

---

अमळनेरची_ताई
मंगळवार, दुपारी ४.३०

पोर्टलचं मी सांगते, मी पोरांना नेटवर्किंग शिकवते आणि दरवर्षी हा प्रश्न येतोच. पुष्कळ सर्व्हरवाले पिंगची पाकिटं दारातच टाकून देतात, मुद्दाम, फायरवॉलमध्ये तसं लावलेलं असतं. साइट वेगळ्या दाराने चालते. म्हणजे पिंगला उत्तर आलं तर रस्ता चालू आहे हे नक्की, पण उत्तर आलं नाही म्हणून समोरचा बंद आहे असं म्हणता येत नाही. घरातले विंडोजचे दोन कॉम्प्युटर एकमेकांना पिंग करून बघ, बऱ्याचदा उत्तर येणार नाही, विंडोजची फायरवॉल अडवते. म्हणून तपासायला ८.८.८.८ किंवा १.१.१.१ असली ठिकाणं घ्यायची, ती उत्तर देतात. ८.८.८.८ हा एकच आकडा गूगलने जगात ठिकठिकाणच्या मशीनना दिलेला आहे, आपल्याला जवळचं कोणतं तरी ओ देतं, म्हणून तिथे वेळ कमी दिसते. त्यावरून अमेरिकेतली साइट पण तेवढीच पटकन येईल असं धरू नको.

किती वेळ म्हणजे चांगली, ह्याचा एक अंदाज. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर १०० किलोमीटरला जाऊन येऊन १ मिलीसेकंद. जळगावहून मुंबई सव्वाचारशे किलोमीटर धरली तर ४ च्या खाली पिंग येणं शक्यच नाही, कितीही महागाचा प्लॅन घे. वर तार काही सरळ जात नाही आणि मध्ये दहा ठिकाणी मशिनी, त्यामुळे १०-२० आला तरी उत्तम समजायचं. ५० एमबीपीएसचा १०० केला म्हणून पिंग अर्धा होत नाही, हे धुळ्याच्या भिडूसाठी पण.

पाकिटं कमी गेली त्याचं कारण, उत्तर आलं की विंडोज साधारण सेकंदाने पुढचं पाठवतं, पण उत्तर आलं नाही तर आधी ४ सेकंद वाट बघत बसतं. तुझे ४६५ गुणिले ४ कर, वर आलेले १७०९ मिळव, ३६०० च्या आसपास सेकंद येतात, म्हणजे बरोबर एक तास. तुझी वही चोख आहे 😊

दुखणं तुझ्या घरात आहे दादा. राऊटरपर्यंतच २१ टक्के जात असतील तर पुढच्या माणसाला बोल लावण्यात अर्थ नाही, निदान दुपारचा तरी. एक लांब केबल आण, कॉम्प्युटर सरळ राऊटरला जोड आणि दुपारी परत तास लाव. केबलवर हरवलं नाही तर राऊटर गरम होण्याचा डाऊट पण मिटला आणि दोष वायफायचा ठरला.

---

फायबरवाला_यावल
मंगळवार, रात्री १०.४५

मी दुसऱ्या बाजूचा माणूस, यावल साइडला एका केबलवाल्याकडे लाइनचं काम करतो, तुमचा नाही, मारायला येऊ नका. आमच्या पोरांची बाजू पण ऐका. दिवसाला २०-२५ कंप्लेंट, त्यातल्या निम्म्या गिऱ्हाइकाच्या घरातल्याच निघतात, लोकं राऊटर कपाटात नाहीतर टीव्हीच्या मागे ठेवतात आणि चौथ्या खोलीत रेंज मागतात. बाहेरचं म्हणाल तर रोडच्या कामाला जेसीबी येतो आणि फायबर ओढून नेतो, खारी कुरतडतात, माकडं खांबावरच्या केबलला लोंबकळतात. रात्री दोनला केळीच्या बागेत बॅटरी धरून जॉइंट मारलेत. पण जो पिंग येतोय म्हणून फोन ठेवतो तो चुकतोच, मी पण ठेवलाय फोन असा, खोटं कशाला बोलू.

डब्यावर एलओएसचा (लॉस ऑफ सिग्नल) दिवा लाल असेल तर पिंग-बिंग काही करू नका, प्रकाशच येत नाहीये, सरळ फोन करा. दिवा हिरवा पण नेट अडकतंय तर लाइनवाल्याला विचारा, पॉवर, म्हणजे तारेतल्या प्रकाशाची ताकद, किती येते. आकडा मायनसमध्ये असतो, मायनस २० च्या आसपास छान, मायनस २७ च्या पलीकडे गेला की डबा धडपडतो. हा आकडा विचारलात की समोरचा समजतो ह्याला कळतं, पुढचं बोलणं नीट करतो.

दुसरं, नुसत्या पिंगची पाकिटं ३२ बाइटची, एकदम चिल्लर. खराब लाइनवरून चिल्लर निघून जाते आणि तुमचा दाखल्याचा स्कॅन अडकतो. मोठं पाकीट टाकून बघा, मायनस एल १४००. तो इंग्रजीतला छोटा एल आहे, एक नाही. छोट्याला सगळी उत्तरं आणि मोठ्याला गळती, असं दिसलं तर लाइन किंवा वायफाय कमजोर.

रात्री आठचं वेगळं आहे. ते तपासायचं तर त्या वेळी घरातली बाकी सगळी नेटवरची माणसं उठवा, मोबाइल, टीव्ही, सीसीटीव्हीचं अपलोड, सगळं. कारण तुमच्याच घरातून अपलोड चालू असलं की तुमची पाकिटं राऊटरच्या रांगेत उभी राहतात आणि पिंग २० चा २०० होतो, त्यात आमचा दोष नाही. सगळं बंद करून, केबलवर, राऊटरला १-२ येतोय पण ८.८.८.८ ला १५० येतोय आणि रोज आठ ते अकराच येतोय, तर मग आमच्याकडेच गर्दी आहे, मागची लाइन भरलीय. ते बिनधास्त सांगा आणि वही दाखवा. फक्त ट्रेसर्टमध्ये मधलीच एखादी ओळ मोठी दिसली म्हणून भांडू नका, मधली मशिनं पिंगला उत्तर द्यायचं काम सगळ्यात शेवटी करतात, त्यांचं खरं काम पाकिटं पुढे ढकलायचं. तिथून पुढच्या सगळ्या ओळी पण मोठ्या असतील तरच तिथे गर्दी.

---

भुसावळ_जंक्शन
बुधवार, सकाळी ७.१५

यावलच्या पोराने एक नंबर लिहिलंय. अपलोड आणि रांगेचं तर धुळ्याच्या गेमरला पण लागू आहे, आधी घरात कोण काय अपलोड करतंय बघ.

जाता जाता एक किस्सा, कारण रावेरवाल्याला कामाचा आहे. पिंग लिहिलं माइक म्यूस नावाच्या अमेरिकन माणसाने, डिसेंबर १९८३, तिकडच्या लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबमध्ये कामाला होता. नेटवर्क नीट चालत नव्हतं म्हणून एका संध्याकाळी बसून हजारेक ओळींचा प्रोग्राम लिहून टाकला. नाव ठेवलं पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून, आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनी ऐकायचा. लोक नंतर त्या चार अक्षरांची लांबलचक इंग्रजी फोड सांगायला लागले, पण नाव पडलं ते आवाजावरून, हे म्यूसनेच लिहून ठेवलंय. बिचारा २००० साली रस्त्यावरच्या अपघातात गेला.

तर त्याने एकाची गोष्ट सांगितलीय. बिल्डिंगमध्ये केबलचा कुठला तरी जॉइंट ढिला होता, सापडत नव्हता. ह्या पठ्ठ्याने काय केलं, कॉम्प्युटरला असं लावलं की पिंगचं उत्तर आलं की तो तोंडाने पिंग म्हणणार, आवाज जोडला ऑफिसातल्या स्टीरिओला, व्हॉल्यूम फुल. पिंग, पिंग, पिंग सुरू, आणि हा बिल्डिंगभर फिरून एकेक जॉइंट हलवतोय. ज्या जॉइंटला हात लावल्यावर आवाज थांबला, तोच चोर.

तुम्ही पण तसंच करा. मोबाइलवर पिंगची फुकट ॲप मिळतात. राऊटरचा आकडा टाका, भर दुपारी सुरू करा आणि राऊटरजवळून दुकानाकडे पावलापावलाने चालत या. कुठे तुटायला लागतं बघा.

---

रावेर_सेवाकेंद्र
बुधवार, दुपारी ४.५०

सापडला. सापडला सापडला. आणि सांगायला लाज वाटतेय.

ताईंनी सांगितल्यासारखी केबल आधी आणली, मेव्हण्याकडून १५ मीटर, दारातून ओढून दुपारी १ ला तास लावला. हरवले शून्य. १४०० चं पण टाकून बघितलं (आधी एक टाकला होता, मग एल 😅), शून्य. म्हणजे राऊटर गरम-बिरम काही नाही, केबलवाला पण नाही, वायफायच. मग मोबाइल घेऊन काकांनी सांगितलं तसं चाललो. मधल्या खोलीत राऊटरपाशी २, ३, २. दारापर्यंत ३, ४. दाराच्या ह्या बाजूला आलो आणि धाडकन टाइम आउट, ४००, टाइम आउट, ९००. परत मागे गेलो, ३. परत पुढे, मेलं. दोन पावलांत एवढा फरक, मध्ये भिंत पण नाही.

मध्ये काय होतं तर कूलर. आपला साडेचार फुटी पत्र्याचा डेझर्ट कूलर, तिन्ही बाजूला ओलं गवत, खाली ६० लिटर पाणी. दुकानाला खिडकी नाही म्हणून एप्रिलपासून रोज बारा वाजता मधल्या खोलीतून ओढून दाराच्या चौकटीत उभा करतो, मागून हवा घेतो आणि दुकानात फेकतो. साडेपाचला ऊन उतरलं की परत आत ढकलतो. सकाळचं नेट, दुपारचं नेट, संध्याकाळचं नेट, सगळं कूलरच्या टायमाने चाललं होतं आणि मी केबलवाल्याला शिव्या देत होतो.

मला वाटलं मोटरीमुळे होत असेल, म्हणून कूलर बंद केला पण जागेवरच ठेवला, पिंग तसाच तुटका. मग चालू ठेवून वायर ताणून बाजूला सरकवला, पिंग ३. म्हणजे मोटरीचा काही संबंध नाही, नुसता आडवा उभा राहिलाय म्हणून. बायको म्हणाली एवढ्यासाठी तीन दिवस काळी खिडकी बघत बसला होतात का.

---

अमळनेरची_ताई
बुधवार, संध्याकाळी ५.४०

अहो लाज कसली, वायफायच्या आड उभं करायला लोखंडी पत्रा आणि पाणी यापेक्षा वाईट काही शोधून सापडणार नाही, आणि तुम्ही दोन्ही एकत्र आणून दारात ठेवलंत 😄 पत्र्यावरून वायफाय परत फिरतं आणि पाणी उरलेलं गिळतं. मागची भिंत पण होतीच, त्यातून थोडंफार येत असणार म्हणून पूर्ण मेलं नाही, २१ टक्क्यावर भागलं. हे उदाहरण मी वर्गात सांगणार, नाव न घेता.

---

धुळे_गेमर_०७
बुधवार, संध्याकाळी ७.०५

मना घरमा बी कूलर शे पन तो खिडकीमा. मनं दुसरं निंघनं, दादाचा फोन रात्री सगळे फोटो क्लाउडवर चढवत होता, ते बंद केलं, ३०० चा ३५ झाला. काका, यावलवाले भाऊ, थँक्यू भो ❤️

---

फायबरवाला_यावल
बुधवार, रात्री ९.३०

कूलर हाहाहा. उद्या ऑफिसात सांगतो, आता पहिला प्रश्न हाच विचारायचा, कूलर कुठे उभा आहे. दादा रात्रीचं काय झालं? ते राहिलंय.

---

रावेर_सेवाकेंद्र
गुरुवार, रात्री ११.१०

रात्रीचं आत्ता करून आलो. घरातले सगळे मोबाइल विमान मोडवर टाकले (मुलगी रुसली), टीव्ही बंद, केबलवर. ८ वाजून ४० ते ९.४०, राऊटरला सरासरी १, हरवलं काही नाही. त्याच वेळी ८.८.८.८ ला सरासरी १३८, जास्तीत जास्त ३९०, हरवलं ३ टक्के. सकाळी त्याच ८.८.८.८ ला १४ होता. ट्रेसर्टमध्ये दुसऱ्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळंच शंभरच्या वर.

केबलवाल्याला वहीच्या पानाचा फोटो पाठवला. आधी दुपारबद्दल सॉरी म्हटलं, कूलरचं सांगितलं, तो पण हसला, मग म्हटलं आता हे रात्रीचं बघ आणि ह्यात कूलर नाहीये. दहा मिनिटं गप्प. मग फोन आला, म्हणाला दादा आपल्या गावाची मागची लाइन संध्याकाळी भरते खरी, कनेक्शन वाढली दोन वर्षात, वरती मागणी टाकलीय, ह्या महिन्यात होईल. मी म्हटलं होईल म्हणजे कधी, तर म्हणाला तुम्ही वही चालू ठेवा. आता बघू.

पॉवर पण विचारली, मायनस २१. हे विचारल्यावर तो मला सर म्हणाला.

---

भुसावळ_जंक्शन
शुक्रवार, सकाळी ६.५०

वही चालू ठेवाच. आणि कूलर आता कुठे?

---

रावेर_सेवाकेंद्र
शुक्रवार, सकाळी ९.२०

कूलर दारातच काका, दुसरी जागाच नाही. डबा-राऊटर तिथेच ठेवून तीच १५ मीटरची केबल दुकानापर्यंत आणून पक्की केली, कॉम्प्युटर आता वायफायवर नाहीच. फक्त मेव्हण्याचा सकाळपासून दोनदा फोन आलाय, केबल कधी देतो म्हणून.